घासावे की राखावे?

तोझाई लाइनच्या कसाई स्टेशनावर उतरलं, की रुळांच्या पुलाखालीच एक छोटं संग्रहालय आहे: चिकातेत्सु हाकुबुत्सुकान, म्हणजे भुयारी रेल्वेचं संग्रहालय. पत्ता हिगाशी-कसाईचा, सुरू झालं १९८६ साली. आपल्यापैकी ज्यांची मुलं या भागात वाढली, त्यांच्या पावसाळी रविवारांची हक्काची जागा. मुलं गाडी चालवायच्या यंत्राकडे पळतात आणि आईबाप एका पिवळ्या डब्यासमोर थांबतात.

तो डबा क्रमांक १००१. ३० डिसेंबर १९२७ रोजी उएनो ते आसाकुसा असा जेमतेम सव्वादोन किलोमीटरचा मार्ग सुरू झाला, तेव्हा धावलेल्या गाड्यांपैकी हा एक. हायाकावा नोरित्सुगु या गृहस्थांनी १९१४ मध्ये लंडनची भुयारी रेल्वे पाहिली आणि टोकियोतही ती व्हायलाच हवी असं मनावर घेतलं. त्या ध्यासातून ही गाडी आली. भुयारात आग लागू नये म्हणून डबा पूर्ण पोलादी केला. पण लाकडी डब्यांना सरावलेल्या प्रवाशांना उपरं वाटू नये म्हणून आतल्या पत्र्यावर लाकडाचे रेषे रंगवले. डबा १९६८ पर्यंत कामावर होता. पुढे तो संग्रहात गेला आणि २०१७ मध्ये जपान सरकारने त्याला 'महत्त्वाची सांस्कृतिक संपदा' असा दर्जा दिला.

आता प्रश्न असा, की आपण आज पाहतो तो डबा कोणत्या दिवसाचा? त्याचा तजेलदार पिवळा रंग उद्घाटनाच्या काळातला आहे. म्हणजे ज्यांनी तो राखला त्यांनी १९२७ हे साल निवलं, १९६८ नाही. चाळीस वर्षांत लाखो हातांनी, छत्र्यांनी, बुटांनी त्याच्यावर जे लिहिलं असेल, ते या निवडीत मागे पडलं. ही निवड चूक होती असं मला म्हणायचं नाही. जुनी धातूची वस्तू हातात आली की ही निवड करावीच लागते, एवढंच सांगायचं आहे. सरकारला करावी लागते, संग्रहालयाला करावी लागते, आणि आजीची समई, झोपाळ्याच्या पितळी कड्या किंवा पानाचा डबा तेवीस किलोच्या बॅगेत घालून इथवर आणलेल्या तुम्हालाही करावी लागते. घासून लख्ख करायचं, की काळाने चढवलेला रंग तसाच ठेवायचा?

दोन भाषा, दोन नजरा

भाषेपासून सुरुवात करू. तांब्यापितळेवर हवेने, पाण्याने, हाताच्या घामाने जो थर चढतो, त्याला मराठीत आपण काय म्हणतो? भांडं काळवंडलं, मळलं, कळकट झालं. पितळेच्या पातेल्यात ठेवलेलं ताक 'कळकतं'. यातला एकही शब्द कौतुकाचा नाही. उलट बाजूला लख्ख, लखलखीत, झळझळीत, चकचकीत अशी रांगच उभी आहे. गौरी यायच्या आधी, दसऱ्याच्या आधी, दिवाळीच्या आधी घरातलं सगळं पितळ अंगणात येणार. चिंच, मीठ, राख आणि नारळाच्या शेंड्या घेऊन घरातल्या बाया बसणार. दुपारपर्यंत उन्हात नजर ठरणार नाही असा ढीग पालथा पडणार. चमक म्हणजे घर जागं असल्याची खूण. समई काळी पडली तर लोक वस्तूला नव्हे, घराला नावं ठेवतात.

जपानीत 'साबी' या उच्चाराचे दोन शब्द आहेत. एक म्हणजे गंज. दुसरा म्हणजे जुनेपणात उतरलेली शांत शोभा. चिन्हं वेगळी, उच्चार एक. तानिझाकी जुनइचिरो यांनी १९३३-३४ मध्ये लिहिलेला सावल्यांच्या सौंदर्यावरचा दीर्घ निबंध प्रसिद्ध आहे. त्यात त्यांनी असा युक्तिवाद केला, की पाश्चात्त्य लोक भांडी चमकेपर्यंत घासतात, आपल्याला मात्र वापराने आणि हाताच्या स्पर्शाने काळोखलेली वस्तू आवडते. आणि या जुन्या झळाळीला खरं नाव द्यायचं तर तो मळच आहे, हेही त्यांनी हसत मान्य केलं.

इथे थांबलो तर गोष्ट सोपी होते: मराठी माणूस घासतो, जपानी माणूस राखतो. इथे आल्यावर पहिल्या दोन वर्षांत आपल्यापैकी बरेच जण असंच समजतात, आणि मग आईने दिलेल्या तांब्याकडे 'वाबी-साबी' नजरेने पाहत तो तसाच काळा ठेवतात. पण गोष्ट इतकी सोपी नाही.

जपानी माणूसही घासतो

इथल्या बौद्ध देवळांत 'ओमिगाकी' नावाचा रिवाज आहे. मोठ्या विधीच्या आधी देवळाशी जोडलेली कुटुंबं जमतात, पितळी समया, फुलदाण्या, धूपदानं खाली उतरवतात आणि गप्पा मारत मारत घासून काढतात. अंगणातला आपला तो ढीग आणि हा ढीग यात फरक चिंचेचा तेवढा. दुकानात मिळणारा 'पिकाल'चा डबा काही परदेशी लोकांसाठी बनत नाही. आणि तुमची मुलं इथल्या शाळेत असतील तर उन्हाळी सुट्टीतला तो प्रयोग तुमच्याही स्वयंपाकघरात झाला असेल: काळं पडलेलं दहा येनचं नाणं सॉसमध्ये, व्हिनेगरमध्ये, सोया सॉसमध्ये बुडवून कशाने जास्त उजळतं ते पाहायचं. त्या नाण्यात ९५ टक्के तांबं असतं. आजीची चिंच काय काम करायची, हे नातवाला त्या वहीत लिहावं लागतं.

याच दहा येनच्या नाण्यावर जी इमारत आहे, ती उजी गावातली ब्योदोइनची फिनिक्स सभा, बांधणी १०५३ ची. तिच्या छपरावर ब्राँझचे दोन पक्षी आहेत. मूळचे पक्षी आता संग्रहालयात आहेत, हजार वर्षांत अंगावर जे चढलं ते तसंच घेऊन. छपरावर त्यांच्या प्रतिकृती बसवल्या आहेत. २०१४ मध्ये संपलेल्या दुरुस्तीत सभेला पुन्हा लाल रंग दिला आणि छपरावरच्या या प्रतिकृतींना सोनेरी केलं. रोजच्या सवयीची फिकी, थकलेली इमारत अचानक इतकी तरणीताठी झालेली पाहून अनेकांना चुकल्यासारखं वाटलं. पण यातला तोडगा लक्षात घ्या: मूळ वस्तूला हात लावला नाही, झळाळी प्रतिकृतीला दिली.

कामाकुराच्या बुद्धाची गोष्ट उलटी. १२५२ च्या सुमारास ओतकाम सुरू झालेली ही मूर्ती एकेकाळी सोन्याने मढवलेली होती. गालाजवळ अजून त्याच्या खुणा दिसतात. तिच्यावरचं मंदिर वादळांत गेलं आणि बुद्ध कित्येक शतकं उघड्यावर बसला. त्याचा हिरवा रंग आज इतका 'त्याचा' झाला आहे, की त्याला पुन्हा सोनेरी करावं असं कुणी मनावर घेत नाही. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी त्याची तपासणी केली, धूळ आणि पक्ष्यांची घाण काढली, आत शिरणाऱ्या पर्यटकांनी चिकटवलेलं च्युइंग गमही खरवडलं. हिरवा थर मात्र ठेवला. घाण वेगळी आणि थर वेगळा, हा भेद तिथे करावा लागला. आपल्यालाही तोच करायचा आहे.

थर म्हणजे नक्की काय

तांबं हवेत ठेवलं की आधी तपकिरी होतं. तो ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर. पुढे पाऊस, गंधक आणि समुद्राचं मीठ यांच्याशी संयोग होऊन वर्षानुवर्षांनी हिरवा थर येतो. हा थर घट्ट असेल तर खालच्या धातूला कवचासारखा जपतो. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता १८८६ मध्ये उभी राहिली तेव्हा तांबूस होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती हिरवी पडली तेव्हा तिला रंग फासायचा बेत निघाला होता. लोकांनी विरोध केला आणि तज्ज्ञांनीही थर संरक्षकच आहे असं ठरवलं.

या हिरव्याची भीती जुनी आहे. जपानमध्ये त्याला 'रोकुशो' म्हणतात आणि कित्येक पिढ्या तो जालीम विष म्हणून ओळखला जात होता. १९८४ मध्ये इथल्या आरोग्य मंत्रालयाने प्रयोगांनंतर सांगितलं, की तसं काही तो नाही. पण म्हणून आपल्या आज्या वेड्या नव्हत्या. आंबट पदार्थ तांब्यापितळेत ठेवला तर तांबं त्यात उतरतं, चव बिघडते, पोटही बिघडू शकतं. म्हणूनच भांड्याच्या आतून कथलाचा हात दिला जायचा. नवसागराचा धूर, भात्याचा आवाज आणि कापसाच्या बोळ्याने क्षणात चांदीसारखं होणारं पातेलं, म्हणजेच कल्हई. बाहेरून घासणं शोभेसाठी असेल, आतली कल्हई मात्र आरोग्यासाठी होती. तेव्हा पहिला नियम इथेच सांगून टाकते: ज्यात तुम्ही खाणार-पिणार आहात, त्याच्या आतल्या बाजूला 'जुनेपणाची शोभा' ठेवायची नाही.

दुसरा धोका फार कमी लोकांना माहीत असतो. ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानात एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात साठवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडायच्या. ती तबेल्यांत ठेवलेली असत. १९२१ मध्ये उलगडा झाला: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि ठोकून-ताणून घडवलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण, या तिघांचा तो परिणाम होता. तुमच्या कपाटातल्या कित्येक पॉलिशांत अमोनिया असतो. पॉलिश लावून पुसून धुतलं तर बिघडत नाही. नक्षीच्या खाचांत ते तसंच राहू दिलं तर बिघडू शकतं.

आणि चिंच? चिंचेतलं आम्ल थर विरघळवतं, हे उत्तम. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जास्त वेळ राहिलं तर पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं आणि वस्तू गुलाबी, तांबूस दिसू लागते. राख, वाळू, तारेचा काथ्या यांनी तर दर वेळी धातूच थोडा थोडा निघतो. एका दिवाळीत काही कळत नाही. पन्नास दिवाळ्यांत कळतं.

जे पुसलं जातं

आता मला ज्याची खरी काळजी वाटते त्याबद्दल.

तुमच्याकडे असलेलं जुनं भांडं उन्हाकडे तिरकं धरा. कडेखाली किंवा पोटावर बारीक ठिपक्यांची ओळ दिसते का पाहा. भांडं विकत घेतलं की दुकानातला माणूस छोटी छिन्नी आणि हातोडी घेऊन त्यावर नाव घालून द्यायचा. कुणी कुणाला, कोणत्या निमित्ताने, कोणत्या तारखेला. कधी फक्त आद्याक्षरं. कधी शक वर्ष, कधी इसवी सन, कधी गावाचं नाव. अक्षर वाकडंतिकडं, शुद्धलेखन दुकानदाराचं.

आपल्याकडे सामान्य घरांत जन्मनोंदी, पत्रं, रोजनिशा किती राहिल्या? फार थोड्या. पण लग्नात, मुंजीत, बारशात, डोहाळजेवणात दिलेली भांडी राहिली, आणि त्यांच्यावर नाती लिहिलेली राहिली. त्यातही बायकांची नावं पाहा. लग्नात नाव बदलायची चाल होती. माहेरचं नाव सासरच्या कुठल्याच कागदावर आलं नाही. अशा कित्येकींचं ते नाव आईने दिलेल्या तांब्यावर किंवा कळशीवर तेवढं उरलं आहे. ती ठिपक्यांची ओळ म्हणजे त्या बाईच्या पहिल्या वीस वर्षांचा एकुलता एक पुरावा असू शकतो. आणि ती दर दिवाळीला, मोठ्या प्रेमाने, आपणच घासत आलो आहोत.

याहून मोठा घाव आधीच बसून गेला आहे. स्टेनलेस स्टील आलं, ते हलकं होतं, त्याला कल्हई लागत नव्हती, घासायला सोपं होतं. मग घरोघरची हंडी-कळशी, घंगाळं, परातीं वजनावर गेल्या आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचे डबे आले. 'मोडीत काढणं' हा वाक्प्रचार आपण आता माणसांबद्दलही वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ असा तराजूत पडलेला आहे. त्या बायकांना दोष देण्यात अर्थ नाही. पाच किलोचं घंगाळं त्यांना घासावं लागत होतं, आपल्याला नाही. जपानात हेच सक्तीने झालं. १९४१ च्या हुकमाने सरकारने युद्धासाठी धातू गोळा केला. घरातल्या वस्तू गेल्या, देवळांच्या घंटा गेल्या, शिबुयाच्या हाचिको कुत्र्याचा पुतळासुद्धा वितळवला गेला. आज तिथे दिसतो तो १९४८ चा. म्हणजे दोन्हीकडे, जुनं धातूकाम जे उरलं ते चाळणीतून उरलेलं आहे. ते घासताना हात थोडा हलका हवा.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिवे, अडकित्ते, वज्र्या, कुलपं अशा घरगुती वस्तू गावोगाव फिरून जमवल्या, तेव्हा लोकांना ती भंगाराची हौस वाटत असणार. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्याच वस्तू पाहायला तिकीट काढावं लागतं. वज्रीची झिजलेली बाजू आणि अडकित्त्यावरची बोटांची जागा पाहिली, की वापरणारा माणूस दिसतो. नवी कोरी वज्री असं काही सांगत नाही.

मग करायचं काय

माझ्या मते प्रश्न 'घासावं की राखावं' असा नसून 'हा पृष्ठभाग काय सांभाळतो आहे' असा आहे. तसं विचारलं की उत्तर वस्तूगणिक वेगळं येतं.

देवघरात रोज पेटणारी समई, निरांजन, घंटा यांची चमक हा त्यांच्या वापराचाच भाग आहे. ती खुशाल घासा. फक्त आधी गरम पाणी आणि सौम्य साबणाने तेलकटपणा काढा. निम्मं काळं तिथेच जातं. मग मऊ कापड आणि थोडीशी पूड किंवा पॉलिश. चिंच लावली तर दोन मिनिटांत धुवा आणि लगेच कोरडं करा. वर्षातून दोनदा पुरे. दर आठवड्याला नको.

नाव घातलेलं भांडं असेल तर आधी त्याचा फोटो काढा, एका बाजूने तिरका उजेड टाकून. अक्षरं वाचून कागदावर उतरवा आणि घरातल्या सगळ्यांना पाठवा. त्यानंतर त्या ओळीवर राख, पूड, काथ्या काहीही नको. बाकीचं भांडं उजळ आणि ओळीभोवती काळसर पट्टा राहिला तर राहू द्या. उलट त्या काळ्यामुळेच ठिपके वाचता येतात.

काही वस्तूंचा काळा रंग कारागिराने मुद्दाम दिलेला असतो. आपल्या बिदरी कामात जस्ताच्या मिश्रधातूवर चांदी जडवतात आणि बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या लेपाने जमीन काळी करतात. चांदी तेवढी पांढरी राहते. जपानी धातुकामात तांब्याच्या मिश्रधातूंना उकळत्या द्रावणात रंग आणायची परंपरा आहे, आणि तोयामातल्या ताकाओका शहरात ब्राँझला रंग चढवणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे. अशा वस्तूवर पितांबरी किंवा पिकाल चोळणं म्हणजे चित्र पुसणं. इथल्या जुन्या बाजारातून फुलदाणी घेतलीत आणि ती काळी वाटली, तर ती मळली आहे असं धरून चालू नका.

पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम तुमच्याकडे असेल तर त्याच्या अंगावर हातोडीचे गोल ठोके आहेत. ते नुसती नक्षी नव्हेत. ठोकल्याने पत्रा कणखर होतो. घासघासून कडा बोथट झाल्या की प्रत्येक ठोक्यात पडणारा उजेडाचा कवडसा जातो. तिथे मऊ कापडापलीकडे जाऊ नका.

एक थर मात्र ठेवायचा नाही. फिकट हिरवी, भुकटीसारखी, बोटाला लागणारी आणि पुसली तरी पुन्हा त्याच जागी येणारी ठिपकी दिसली तर तो कवच नव्हे, रोग आहे. धातूत शिरलेलं मीठ आणि दमटपणा मिळून तो आतून खातो. हिगाशी-कसाई खाडीच्या काठचं गाव. एका बाजूला जुनी एदो नदी, पुढे कसाई रिन्काईचा समुद्र, जूनमध्ये महिनाभर त्सुयू. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. अशी वस्तू बाल्कनीत ठेवू नका, कोरड्या जागी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि मोलाची असेल तर घरगुती उपाय न करता धातू-संवर्धन करणाऱ्याला दाखवा.

बाकी झोपाळ्याच्या कड्या, दाराचे मोर, पानाचे डबे, शोभेला ठेवलेले तांबे यांना कोरडं कापड पुष्कळ झालं. हवं तर मेणाचा पातळ हात द्या. कडीचा जो भाग पिढ्यान् पिढ्या हातांनी धरला, तो न घासताही उजळ असतो. ती चमक कोणत्याही डब्यात मिळत नाही.

२०१७ मध्ये गिन्झा लाइनवर जुन्या १००० मालिकेची आठवण देणाऱ्या दोन खास गाड्या आल्या. आतून लाकडासारखे दिसणारे पत्रे आणि उभ्या दांड्यांना पितळेचा रंग. मूळ डबा संग्रहालयात शांत उभा, आणि झळाळीची हौस नव्या गाडीत. ब्योदोइनच्या पक्ष्यांचाच हा तोडगा, आणि तो आपल्या घरातही चालेल. दिवाळीत लखलखाट हवाच. त्यासाठी नवी समई घ्या, मुलांच्या हातात कापड द्या, घासघासून आरशासारखी होऊ द्या. तिच्यावर त्यांचं नावही घालून घ्या. पणजीच्या तांब्यावरची ती वाकडी ओळ मात्र त्यांना बोट फिरवून वाचू द्या, आणि ती कुणाची हे ठाऊक असेल तर आजच सांगा. पुढच्या पिढीला ठिपके दिसतील, पण ते नाव कुणाचं हे सांगायला तेव्हा कुणी नसेल.